उजेड किती, त्यापेक्षा पडतो कुठे

चि. भाचेबाईंस,

तू पाठवलेला बल्बच्या पेटीचा फोटो मिळाला. कामापुरता मामा म्हणतात ते काही खोटं नाही, पण हेडलाइटच्या निमित्ताने का होईना, आठवण झाली हेही नसे थोडके.

आंबोलीच्या घाटात रात्री पुढचं धड दिसत नाही, म्हणून दुकानदाराने दाखवलेली एलईडीची जोडी बसवू का, असं तू विचारलंस. घेऊ नकोस. नुसतं ‘नको’ म्हटलेलं तुला लहानपणापासून पटत नाही, म्हणून कारणं देतो.

पेटीवर 20,000 ल्युमेन छापलंय. तुझ्या वॅगनारला जो एच4 हॅलोजन बल्ब लागतो तो डिपरवर साधारण 1,000 आणि अप्परवर 1,650 ल्युमेन देतो. एवढ्यावर लोकांनी उभा देश पालथा घातलाय. तेव्हा पेटीवरचा आकडा विसरून जा आणि तुझा जुना बल्ब एकदा काढून हातात घे. बुडाच्या पत्र्याला धरून बघ, काचेला नको.

आत दोन फिलामेंट दिसतील. टोकाकडची डिपरची, मागची अप्परची. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी आहे. सगळी करामत त्या वाटीची. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून परतलेला झोत रस्त्याकडे खाली वळतो. रिफ्लेक्टरचा एकूण एक वळसा, फिलामेंट नेमकी अमुक जागी आहे असं धरून काढलेला असतो. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी झोत फिसकटतो. तुझ्या फोटोतल्या एलईडीत चिप्स एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्यात. त्यांचा उजेड फिलामेंटसारखा चहूबाजूंनी निघत नाही, आणि तिची जागाही त्यांना अचूक साधत नाही. मग होतं काय, की बंपरच्या पुढे दहा पावलांवर लख्ख पांढरं पडतं, चालवणारा खूश होतो, आणि वळणाच्या पलीकडे जिथे बघायचं तिथे अंधारच. उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात. घाटात दिपलेला ट्रकवाला तुझ्याच अंगावर येणार, हे सांगायला नको.

शिवाय त्या बल्बच्या बुडाला पंखा असतो, त्यामुळे दिव्यामागचा रबरी बूट नीट बसत नाही. आपल्याकडच्या पावसात तेवढ्या फटीतून दमट हवा आत शिरते आणि काचेला आतून घाम येतो. पहिल्याच जूनमध्ये येशील रडत. कायद्याचंही सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106वा नियम याच्यासाठीच आहे: पुढच्या दिव्याचा झोत इतका खाली वळवलेला हवा, की 8 मीटरवर उभ्या माणसाचे दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपता कामा नयेत. कंपनीतूनच एलईडी दिवा लागून आलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिथे रिफ्लेक्टर किंवा भिंग त्या चिपसाठीच घडवलेलं असतं.

आता दुसरा मोह. तुझ्या दुकानदाराने अजून 100/90 वॅटचा बल्ब काढला नसेल तर काढेल. साधा एच4 म्हणजे 60/55 वॅट. 12 व्होल्टवर एका बल्बला पाच अँपिअर लागतात, 100 वॅटला आठच्या वर. तेवढा करंट कंपनीच्या वायरिंगमधून ओढलास की आधी होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो. उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामाही जातो, आणि तो एकदा गेला की कुठलाही बल्ब लाव, दिवा मिणमिणताच. माझी उभी हयात एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. होल्डर जळाल्याचा वास मी आजही झोपेत ओळखीन.

मग दिसत का नाही? बल्बला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघ. नव्वद टक्के दुखणं तिथेच निघतं, असं माझं मत आहे. मोजदाद मागू नकोस.

पहिली काच. काच म्हणायची, आहे पॉलिकार्बोनेट. सात-आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची ती पिवळट, धुरकट होते. टूथपेस्टने चोळून चार दिवस बरं दिसतं. नीट करायची तर पाण्याचा पॉलिशपेपर, आधी हजार नंबर, मग दोन हजार, मग कंपाउंड. घासताना वरचा संरक्षक थर जातो, म्हणून शेवटी क्लिअर कोट मारून घे, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच.

दुसरं व्होल्टेज. इंजिन चालू, दिवे चालू, आणि मल्टिमीटर आधी बॅटरीवर, मग बल्बच्या होल्डरवर लावायचा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी करंट खातोय: गंजलेला अर्थ, नाहीतर स्टिअरिंगखालच्या स्विचचे झिजलेले पॉइंट. हे क्षुल्लक समजू नकोस. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. अशा वेळी रिलेचं वायरिंग बसवून घे, तेही साध्या 60/55 साठी. करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट बल्बला जातो आणि स्विचकडे नुसतं हुकूम सोडण्याचं काम उरतं. कपलरला कपलर जुळणारा संच माग. बसवणारा वायर कापायला लागला तर त्या माणसाकडून गाडी परत घे.

तिसरा फोकस. सपाट जमिनीवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी कर, टायरची हवा बरोबर हवी. डिपरवर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली यायला हवी आणि डावीकडे ती तिरकी वर चढायला हवी. आपण डावीकडून चालतो ना, म्हणून साइडपट्टी, तिथून चालणारी माणसं, गुरं दिसावीत यासाठी ती चढण. उजवीकडे चढलेली दिसली तर ते हेडलाइट परदेशी रस्त्यांसाठीचे समज.

एवढं करूनही बल्ब बदलायचाच असेल तर 12 व्होल्ट, 60/55, चांगल्या कंपनीचा साधा एच4 घे. फिलिप्स घे, ओसराम घे, मला दोन्ही सारखे. बुडाच्या पत्र्यावर गोलातलं इंग्रजी ‘ई’ कोरलेलं बघ, ती युरोपीय मंजुरीची खूण. व्होल्ट वाचायला चुकू नकोस. आमच्या बसचा एच4 24 व्होल्टचा, 75/70 वॅटचा. तो तुझ्या होल्डरमध्ये झक्क बसेल आणि पणतीसारखा पेटेल. तीस टक्के, शंभर टक्के, दीडशे टक्के जास्त उजेड असं लिहिलेले 60/55 वॅटचेच बल्ब मिळतात. चांगल्या कंपनीचे असतील तर ते खोटे नसतात. टक्केवारी रस्त्यावरच्या ठरावीक जागेची असते, बल्बच्या एकूण उजेडाची नव्हे. आणि त्या बदल्यात ते लवकर उडतात. तुझा घाट महिन्यातून दोनदाच, पण रोजची ये-जा कोल्हापुरातली. तुला परवडणार नाहीत. निळ्या काचेचे तर बघूही नकोस. निळा रंग म्हणजे उजेडाला घातलेली गाळणी.

दोन्ही बाजूंचे एकदम बदल. बसवताना काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पूस, कारण बोटाचा तेलकटपणा तापला की तिथेच काच दगा देते. आणि घाटात धुकं उतरलं की अप्पर लावायचा नाही, पांढरी भिंत उभी राहते. डिपर, डावी साइडपट्टी आणि तिसरा गिअर.

आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा

ता. क. काढलेले बल्ब चालू असतील तर फेकू नकोस. कागदात गुंडाळून, सोबत दोन फ्यूज ठेवून, डिकीत टाकून दे. आणि मागे माणसं, सामान खच्चून भरलंस की गाडीचं नाक वर होतं. डॅशबोर्डवर दिव्याची उंची उतरवायचं चाक असेल तर त्या दिवशी ते एक-दोन घरं खाली कर.