काळ्या मातीतील जीप आणि तिचा ‘क्रॉस’

मृगाचा पाऊस पडून गेला की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पांदणींचे रूपच पालटते. उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जावा, ती काळी भुई पाणी पिऊन फुगते आणि चाकाला गोळ्यागोळ्यांनी चिकटू लागते. मांजरा, तेरणा, मन्याड व लेंडी यांच्या काठची गावे असोत किंवा किनवट-माहूरच्या डोंगरातील तांडे असोत, डांबरी सडक संपल्यानंतरचा कोस-दीड कोस पावसाळ्यात अद्यापही कठीण असतो. अशा वाटेने रुग्णास वा अडलेल्या बाळंतिणीस बाहेर काढावयाचे झाल्यास चारही चाकांना गती देणारे वाहन उपयोगी पडते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर पडलेल्या पावसाने मदतकार्याच्या वाटाही चिखलमय केल्या होत्या. भक्कम वाहनाचे मोल अशा प्रसंगी कळते.

दुसऱ्या महायुद्धातून पुढे आलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली आणि पुढे अनेक दशके शासकीय खाती, आरोग्य केंद्रे व बागायतदार यांच्या दारी ही गाडी उभी राहिली. तिचे इंजिन दणकट, सांगाडा दणकट. परंतु ती भर रस्त्यात थांबते ती पुष्कळदा हाताच्या पंजात मावणाऱ्या एका भागामुळे. यंत्रशास्त्रात त्यास युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात आणि गॅरेजमधील मिस्त्री त्यास ‘क्रॉस’ म्हणतात.

सांध्याचे कार्य

गिअरबॉक्सजवळील ट्रान्स्फर केसमधून निघालेली शक्ती दोन प्रोपेलर शाफ्टांच्या द्वारे पुढील व मागील आसांकडे जाते. ट्रान्स्फर केस सांगाड्यास पक्की बसविलेली असते. आस मात्र कमानपाट्यांवर खालीवर होत असतो. या दोहोंमधील शाफ्टला क्षणोक्षणी कोन बदलत फिरावे लागते, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा बसवितात. जुन्या जीपमध्ये असे चार सांधे असतात. अधिकाच्या आकाराचा पोलादी क्रॉस, त्याच्या चार खुंट्यांवर चार कप, प्रत्येक कपात सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग आणि दोन्ही बाजूंनी पकडणारे योक एवढाच त्याचा संसार.

या सांध्यात एक अंगभूत दोष आहे. कोनात फिरताना तो गती एकसारखी पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का असतो. ३० अंशांवर मात्र वाढ १५ टक्क्यांपर्यंत व घट १३ टक्क्यांपर्यंत जाते. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत बसविले आणि दोन्ही कोन सारखे राखले, तर एका सांध्याने केलेली चूक दुसरा भरून काढतो. मधल्या सरकत्या जोडाचे दाते एखाददुसऱ्या घराने जरी चुकले तरी हा हिशेब बिघडतो. नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते अशी तक्रार घेऊन येणाऱ्याच्या गाडीत प्रथम हेच पाहावे. जुन्या जीपचे चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट पाचांहून अधिक फेरे घेतो. ताशी ५० किलोमीटर वेगास ते मिनिटाला दोन हजारांच्या घरात जातात. या गतीने फिरताना अल्पसा असमतोलही सांध्यांना झिजवीत राहतो.

बिघाडाची चाहूल

सांधा अचानक तुटला असे चालक सांगतात. प्रत्यक्षात त्याने बरेच दिवस आधी सूचना दिलेली असते. गाडी मंद चालत असता चाकांच्या गतीबरोबर चिमणीसारखी चिवचिव ऐकू येणे म्हणजे सुया कोरड्या पडणे. क्लच सोडताना किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकताना खालून ‘खट्’ असा आवाज येणे म्हणजे झीज बरीच झाली असणे. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर पाणी आत शिरून ग्रीस संपले आहे असे समजावे. शाफ्ट हाताने पिळून व वरखाली हलवून पाहिल्यास योक आणि क्रॉस यांच्यातील ढिलाई बोटांना जाणवते. निरोगी सांध्यात ती मुळीच नसावी.

येथील हवामानात ग्रीसबाबत काटकसर महागात पडते. उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील ओढे या दोहोंचाही मार सांध्यावर असल्याने वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच ग्रीस देणे इष्ट, आणि चाकांच्या तुंब्यांपर्यंतच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी. निप्पल पुसून मगच गन लावावी आणि चारही कपांच्या कडेने नवे ग्रीस डोकावेपर्यंत दाबावे. तीन कपांतून आले व चौथ्यातून आले नाही, तर तो चौथाच पुढे दगा देणार. निप्पल नसलेले बंद क्रॉसही आता मिळतात. त्यांना ग्रीस देता येत नाही, केवळ तपासून बदलता येतात.

चिखलातून बाहेर पडल्यावर पुढील आसाची जोडणी सोडणे हेही निगेचेच अंग आहे. वळणावर पुढील चाके मागील चाकांहून लांब वाट कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक मिटतो. कोरड्या डांबरावर मात्र त्याचा सारा पीळ शाफ्टात आणि क्रॉसमध्ये साठतो. चारही चाकांवर गाडी चांगली धरते या समजुतीने नांदेड-लातूर सडकेवरही पुढील आस जोडून ठेवणारे चालक आहेत.

बदलताना घ्यावयाची काळजी

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील तोंडाशी असतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. तो मागील शाफ्टच्या मार्फत गाडी धरतो. पुढील आस जोडलेला नसताना मागील शाफ्ट सोडला की हातब्रेक धरत नाही आणि गिअरही धरत नाही. खाली माणूस असताना गाडी उतारास लागू शकते. मागील एकच चाक जॅकवर उचलले तरी डिफरन्शियलमुळे दुसरे चाक मोकळे होते. म्हणून सपाट जागा आणि चाकांना पुढून-मागून पक्की ओटी लावल्याखेरीज पान्याला हात लावू नये.

सोडण्यापूर्वी फ्लँज, योक आणि सरकता जोड यांवर रंगाने वा ठशाने खुणा कराव्यात. सुटलेले कप तारेने बांधावेत, नाहीतर सुया मातीत जातात. शाफ्ट एका टोकावर लोंबकळत ठेवू नये. सर्क्लिप काढल्यावर व्हाइसमध्ये एका बाजूस लहान व दुसऱ्या बाजूस मोठे सॉकेट धरून कप दाबून बाहेर काढावा. शाफ्टच्या नळीवर हातोडीचा घाव पडता कामा नये, कारण तिला पोचा आला की समतोल गेला. क्रॉसच्या खुंटीवरून नख फिरवावे. सुयांच्या चरा लागत असतील तर क्रॉस व चारही कप असा संपूर्ण संच बदलावा. योकचे भोक सैल झाले असता त्याच्या कडा ठोकून आवळण्याची किंवा कपाखाली पत्र्याची चकती सारण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. तिने गाडी गावापर्यंत येईल, पावसाळा निघणार नाही.

नवा संच बसविताना सुया ग्रीसने कपाच्या भिंतीस चिकटवून ठेवाव्यात आणि क्रॉस उचलून त्या कपात शिरवीतच कप दाबावा. मध्येच अधिक जोर लागू लागला तर थांबावे. एखादी सुई तळाशी आडवी पडलेली असते, आणि तसेच दाबल्यास कप फुटतो. ग्रीसचे निप्पल गन पोहोचेल अशा अंगास राहावे. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्यावर योकच्या कानांवर हलकेच टिचकी दिली की कप बाहेरच्या बाजूस सरकून क्रॉस मोकळा होतो. हाताने तो सर्व दिशांस सहज वळावा, परंतु डुगडुगू नये. खुणा जुळवून बोल्ट आवळावेत आणि काही दिवस चालल्यानंतर पुन्हा एकवार आवळून पाहावेत.

मागील शाफ्टचा सांधा आडरानात मोडल्यास एक उपाय आहे. तो शाफ्ट दोन्ही टोकांस सोडून गाडीत टाकावा, पुढील आस जोडावा आणि पुढच्या चाकांच्या ओढीवर गाडी हळूहळू गावी आणावी. मोडका शाफ्ट तसाच ठेवून चालणे धोक्याचे असते. पुढचे टोक निसटून जमिनीत रुतले तर धावती गाडी त्यावर उचलली जाते.

हाच सांधा ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर वा मळणीयंत्र फिरविणाऱ्या दांड्यातही असतो. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या या दांड्याचे प्लॅस्टिकचे आवरण सोयाबीनच्या हंगामात गैरसोयीचे म्हणून काढून टाकले जाते आणि उघड्या क्रॉसमध्ये धोतराचा सोगा किंवा पदर गुंडाळला जातो. आवरण जागेवर ठेवावे, ग्रीस यंत्र पूर्ण थांबल्यावरच द्यावे आणि रोटाव्हेटर उंच उचलण्यापूर्वी दांडा बंद करावा, कारण मोठ्या कोनात फिरणारा सांधा तेथेच मोडतो.