शालेय विद्यार्थ्यांची आरोग्य-पाहणी : एक विचार

(द्वितीय वर्ष, कला)

शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्ही दृष्टींनी माणूस सुस्थितीत असणे म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आहे. ही व्याख्या मान्य केली, तर शाळेतील मुलांचे आरोग्य पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदा शहरात झाली. आज हे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे त्याचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब वेळीच शोधणे, हा त्याचा हेतू. अंगणवाडीत वर्षातून २ वेळा आणि सरकारी व अनुदानित शाळांत १ वेळा तपासणी व्हावी, अशी योजना आहे.

या तपासणीचे मोल मी अनुभवाने जाणतो. सातवीपर्यंत मी मागच्या बाकावर बसे. फळा नीट दिसत नसे. शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेई. गुरुजी म्हणत, "लक्ष नाही." घरच्यांना वाटे, पोराला शाळेची गोडी नाही. आई-वडील शाळा शिकलेले नाहीत. त्यांनी तरी कसे ओळखावे? पथकातील डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा दुसऱ्याच ओळीला मी अडखळलो. चष्मा लागला आणि फळा दिसू लागला. परंतु आपण 'ढ' आहोत ही मनातली समजूत पुढे कित्येक दिवस गेली नाही. त्याविषयी मला कोणी विचारले नव्हते.

मनाची पाहणी विचारल्याशिवाय होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात इयत्ता ६ वी ते १२ वीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची अशी पाहणी केली. अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे ८१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. त्यात नाव लिहिणे ऐच्छिक होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नाव आणि हजेरी क्रमांक घालावा लागला, की मूल गुरुजींना आवडेल तेच उत्तर लिहिते.

आपल्या पाटण तालुक्यात डोंगरातील वाड्या-वस्त्यांवरून मुले शाळेला येतात. त्यांना काही साधे प्रश्न विचारता येतील. सकाळी काही खाऊन आलास का? किती चालावे लागते? पावसात भिजलेले कपडे दिवसभर अंगावरच राहतात का? रात्री झोप किती होते? फळा दिसतो का? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असते का? मनातले सांगावे असे शाळेत कोणी आहे का? वजन-उंचीच्या तक्त्यात या उत्तरांना जागा नसते.

मात्र उत्तरे गोळा करून कपाटात ठेवायची असतील, तर विचारूच नये. ज्याला फळा दिसत नाही त्याला चष्मा मिळेपर्यंत पाहणी पूर्ण झाली असे मानता येणार नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या आगामी शिबिरात, मुख्याध्यापक व पालकांच्या संमतीने आणि प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली, एका तरी शाळेत आपण हे काम करावे, अशी माझी विद्यार्थी बंधु-भगिनींना विनंती आहे. सुरुवात मागच्या बाकापासून करावी.