गळिताला गेलेली पोरंही तुझ्याच वर्गातली

सोनू, कॉलेजात स्मार्ट बोर्ड बसलाय, दिवाळीनंतर सगळे तास त्यावरच घेणार, हे तू इतक्या उमेदीनं सांगितलंस की फोनवर मध्ये बोलावंसं वाटलं नाही. आता निवांत सांगते. बोर्ड वापरच. पण दिवाळीनंतर तुझ्या पाथर्डीच्या वर्गात बसतं कोण, ते आधी बघ. साखर कारखान्यांची धुराडी पेटून गळीत सुरू झालं की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तुझी काही पोरं त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही म्हाताऱ्या आजीला आणि धाकट्या भावंडांना सांभाळत घरी अडकतात. हजेरीपटावर दोघंही नुसती गैरहजर. मला विचारशील तर या सगळ्या साधनांवर पहिला हक्क त्यांचा आहे गं.

म्हणून सबंध तासाचं शूटिंग करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून कोपीवर आलेलं पोर पन्नास मिनिटं बघणार नाही, आणि तेवढा डेटाही त्याला परवडणार नाही. एकाच कल्पनेवर आठ-दहा मिनिटं बोल. नुसता आवाज असेल तर दहा मिनिटांची फाइल पाचेक एमबीत मावते. सोबत तुझ्या हातानं काढलेल्या आकृतीचा फोटो दे. बाजाराच्या दिवशी रेंज मिळाली की उतरवून घेतील आणि आठवडाभर पुन्हा पुन्हा ऐकतील. शेवटी एकच गणित घाल. कुणी वहीचा फोटो पाठवला, तर बरोबर-चूक एवढ्यावर थांबू नकोस. कुठल्या पायरीवर घसरलं ते त्याचं नाव घेऊन बोलून पाठव. चार महिने वर्गाबाहेर असलेल्या पोराला आपली आठवण कुणीतरी ठेवलीय हे कळणं फार मोठं असतं.

छोटा पाठ कसा बांधायचा ते शिकायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून उभे राहिलेले, सॉफ्टवेअर शिकवणारे ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघ. पाठ साधारण दहा मिनिटांचे, पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतलं आणि समजावणं मराठीतही. एकीकडे पाठ लावायचा, थांबवायचा, शेजारी स्वतः करून बघायचं, अशीच त्यांची रचना आहे. शिक्षक जवळ नसेल हे गृहीत धरूनच ते केलेत.

तुझ्या भौतिकशास्त्रासाठी तर पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचं ‘फेट’ आहे. कार्ल वीमन यांना २००१ साली नोबेल मिळालं, त्यातल्या काही पैशांतून त्यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हे काम सुरू केलं. त्यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. फक्त बोर्डापुढे उभी राहून सगळं तूच फिरवू नकोस. तीन बल्ब एकसर जोडले तर उजेडाचं काय होईल, हे आधी प्रत्येकाला वहीत लिहायला लाव, शेजाऱ्याशी भांडू दे, मग एखाद्या मागच्या बाकावरच्या मुलीला बोर्डावर बोलाव. आणि त्याच आठवड्यात खरे बल्ब, खरे सेल हातात दे. ढिली वायर, उतरलेला सेल, हे शोधण्यातलं शहाणपण पडद्यावर येत नाही. त्याबाबतीत मी हट्टीच आहे.

मुलींचं एक वेगळं सांगते. पुष्कळ जणींचा ‘स्वतःचा’ नंबर म्हणजे भावाचा नाहीतर वडिलांचा फोन असतो. सबंध वर्गाचा ग्रुप केलास की प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि घरच्यांनी एकदा ‘बास’ म्हटलं की ती तुझ्या हातून गेलीच. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट कर. मात्र मुलांनी तुझा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचतच नाही. रात्री उशिरा काही पाठवू नकोस.

सुट्टी लागायच्या आत एकेकाला बाजूला घेऊन विचार. फोन कुणाचा, गळिताला जाणार का, कुठल्या कारखान्यावर, परत कधी. सगळ्यांसमोर विचारलंस तर कुणी खरं सांगणार नाही. त्यावरून कुठले धडे आधी लागतील ते ठरव, आणि दिवाळीला नगरला येशील तेव्हा वही घेऊन ये. पहिले चार पाठ आपण दोघी मिळून इथंच रेकॉर्ड करू.