जात्यावरील ओवी व संगणकावरील ध्वनिमुद्रण

जात्यावरील ओवी वहीत उतरविली म्हणजे ती पूर्ण हाती आली, असे नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; तथापि बर्नार्ड बेल यांच्या ध्वनिमुद्रणामुळेच शब्दांसोबत गळाही टिकला. भोर-वेल्ह्यातही दळण गिरणीत गेले. ओव्या मुखोद्गत असलेल्या स्त्रिया आता वृद्ध आहेत. तेव्हा शिक्षकांनी हे काम यंदाच हाती घ्यावे.

गाणारी, जात्याची घरघर आणि ओवी उचलणारी सोबतीण ही आपापल्या दिशेने ऐकू यावयाची तर चार मायक्रोफोन हवेत: एक गाणारीसमोर, एक जात्याजवळ, दोन मागील कोपऱ्यांत. ते संगणकास थेट जोडता येत नाहीत. त्यासाठी चार मायक्रोफोन घेणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक २४ बिटांचा, असे प्रमाण ठेवून ध्वनी वेव्ह स्वरूपात साठवावा. एका तासास सुमारे २ जीबी जागा लागते. एमपी३ने ती वाचते खरी, परंतु गाळलेला ध्वनी परत मिळत नाही. उंच स्वरही उणे १२ डेसिबलच्या आत ठेवावा. फाटलेला आवाज मागाहून सांधता येत नाही.

गाणारीची संमती आधी घ्यावी. तिचे नाव व गाव मुद्रणाच्या आरंभी तिच्याच तोंडून वदवावे.