मापात पाप आणि दुधातला बर्फ

सूरह मुतफ्फिफीन ही पवित्र कुरआनची ८३ वी सूरह आहे. तिच्यात ३६ आयती आहेत. 'मुतफ्फिफ' म्हणजे मापात मारणारा. अरबी भाषेचे जाणकार सांगतात, की या शब्दाच्या मुळाशी 'तफीफ' आहे, म्हणजे क्षुल्लक, किरकोळ. धान्याच्या मापातून कोणी निम्मे धान्य मारत नाही. कोणी मूठभर मारतो, तर कोणी चिमूटभर. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही आणि मारणाऱ्यालाही आपण चोर आहोत असे वाटत नाही. दरोडेखोराला आपण दरोडेखोर आहोत हे निदान ठाऊक असते. ही सूरह सुरू होते ती मात्र या किरकोळ माणसाच्या विनाशाच्या घोषणेने. आपल्या मराठीत 'मापात पाप' असा शब्दप्रयोग आहे. तो व्यापाऱ्यांच्या तोंडी रोज असतो, पण त्याचे वजन कोणी करत नाही.

ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या एका कथनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तेथील लोक मापाच्या बाबतीत फार वाईट होते. ही सूरह अवतरली आणि त्यांनी आपली मापे सुधारली. हे कथन इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात आहे. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनी वाद घातला नाही, मुदत मागितली नाही, बाजाराची रीतच तशी आहे असे सांगितले नाही.

आम्ही मात्र पुष्कळ दिवस वाद घातला. तो कसा, हे सांगण्यासाठी कात्रजला जावे लागेल.

सातारा रस्त्याने घाटाकडे निघाले की कात्रज लागते. पुणेकर या गावाला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांत आणले गेले. दुसरे दूध. १९६० साली स्थापन झालेल्या पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी येथे आहे आणि संघाचे दूध गावाच्याच नावाने विकले जाते. दोन्ही चांगली, जोवर एकमेकांत मिसळत नाहीत तोवर.

संघाची गोष्ट मोठी आहे, आमची लहान. आम्ही आणि आमचे धाकटे बंधू मिळून काही वर्षे कात्रज परिसरात घरोघरी दुधाचा रतीब घालत होतो. घाटापलीकडच्या गोठ्यांवरून पहाटे म्हशीचे दूध आणायचे आणि ऊन चढायच्या आत वाटून मोकळे व्हायचे. उन्हाळ्यात ऊन आपल्या आधी पोहोचते. दूध नासले, की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर गोठेवाल्याचे पैसे अंगावर येतात. म्हणून चाळीस लिटरच्या कॅनमध्ये आम्ही दोनेक किलो बर्फ टाकू लागलो. पाणी घातले नाही बरे का! बर्फ टाकला, दूध टिकावे म्हणून. या दोन वाक्यांतला फरक आमच्या मनाला इतका पटला होता, की कोणी आम्हाला पाणीवाला म्हटले असते तर आम्ही भांडलो असतो.

हिशेब अगदी साधा आहे. चाळीस लिटर दुधात दोन किलो बर्फ वितळला की बेचाळीस लिटर होते. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या प्रत्येक एकवीस लिटरमागे एक लिटर पाणी. लिटरला ६० रुपये धरले तर दिवसाला १२० रुपये आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत १४,४०० रुपये. आमच्या लिटरच्या मापावर वजनमापे खात्याचा शिक्का होता आणि माप खरोखरच लिटरचे होते. माप पुरे, दूध अपुरे.

एके दिवशी फजरच्या नमाजनंतर हीच सूरह वाचनात आली आणि आम्ही ती नेहमीसारखी वाचून कॅन भरायला गेलो. त्याच सकाळी रतिबाच्या एका घरी आजी म्हणाल्या, "हल्ली दुधाला साय धरत नाही रे, बाबा." आम्ही चटकन उत्तर दिले, "उन्हाळा आहे आजी, म्हशींना हिरवा चारा नाही." आजी "हो का" म्हणून आत गेल्या. बर्फ मनाला पटवता आला होता. हे वाक्य मात्र कशातच बसेना. ते सरळसरळ खोटे होते आणि दोन तासांपूर्वी कुरआन वाचलेल्या तोंडातून निघाले होते.

त्या रात्री सूरहच्या पहिल्या सहा आयती पुन्हा उघडल्या. तेथे मापात मारणाऱ्याची ओळख दोन खुणांनी दिली आहे. लोकांकडून घेताना तो पुरेपूर घेतो आणि लोकांना देताना कमी देतो. पुढे विचारले आहे, की एका मोठ्या दिवशी आपल्याला उठवले जाणार आहे, हे या लोकांना वाटत नाही का? दुसरी खूण आम्हाला माहीत होती. पहिलीकडे आमचे कधी लक्षच गेले नव्हते. आमच्याकडे एक लॅक्टोमीटर होता. गोठ्यावर दूध घेताना तो आम्ही रोज बुडवत होतो, काटा जरा खाली दिसला की गवळ्याशी हुज्जत घालत होतो, पैसे कापत होतो. तोच लॅक्टोमीटर कात्रजला आल्यावर पिशवीबाहेर कधीच निघाला नाही. घेण्यासाठी एक काटा आणि देण्यासाठी दुसरा! दूध संकलन करणारे, भंगार तोलणारे, शेतकऱ्याकडून माल घेणारे, सर्वांनी या पहिल्या खुणेपाशी थांबून पाहावे. आपण आपली इमानदारी नेहमी विक्रीच्या बाजूने मोजतो.

आता कोणी विचारील, दुधात पाणी घालणे हेच पाप आहे का? नाही. बुखारी शरीफमध्ये ह. अनस (रजि.) यांचे कथन आहे, की त्यांच्या घरी प्रेषितांसाठी (स.) बकरीचे दूध काढून त्यात विहिरीचे पाणी मिसळले गेले आणि प्रेषितांनी (स.) ते प्राशन केले. पिण्यासाठी मिसळलेले पाणी हलाल आहे. विकताना ते लपवले की फसवणूक होते. सहीह मुस्लिममधील हदीस प्रसिद्ध आहे. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी (स.) पावसाबद्दल त्याला दोष दिला नाही. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, हे विचारले आणि फसवणारा आमच्यापैकी नाही असे बजावले. आमचे ऊनही त्या पावसासारखेच होते. ऊन आमचा गुन्हा नव्हता.

सूरह हूदमध्ये ह. शुऐब (अलै.) आणि मदयनच्या लोकांचा प्रसंग आहे. तेही व्यापारी लोक होते. माप आणि वजन न्यायाने पुरे करा असे ह. शुऐब (अलै.) यांनी सांगितले, तेव्हा त्यांनी जे विचारले ते ८७ व्या आयतीत आहे. आमच्या मालाचे आम्हाला हवे ते करू नये, असे तुझी नमाज तुला शिकवते काय? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला होता. पण टोमणा मारणाऱ्यांना नमाजचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळला होता असे म्हणावे लागेल. नमाज गल्ल्यापर्यंत येऊन पोहोचते, हे त्यांना दिसत होते आणि त्यांना ते नको होते. आमची नमाज मशिदीत राहिली होती आणि गल्ला कात्रजच्या चौकात.

कायद्याने हे थांबेल असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे लॅक्टोमीटरविषयी. दूध पाण्यापेक्षा जड असते, म्हणून पाणी मिसळले की काटा उतरतो. पण साय दुधापेक्षा हलकी. ती काढली की काटा चढतो. म्हणजे साय काढून पाणी घालणारा लॅक्टोमीटरला सहज चकवतो. थंड दूधही घट्ट होऊन काटा थोडा चढवते, त्यामुळे बर्फातले पाणी बर्फाचाच गारवा काही अंशी झाकतो. म्हणून फॅटची वेगळी तपासणी आली. मग घट्टपणा वाढवण्यासाठी युरिया घालणारे निघाले, तेव्हा त्याचीही तपासणी आली. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे, वैधमापन कायदा २००९ चा. दोन्ही हवेतच. पण प्रत्येक यंत्र कालच्या लबाडीसाठी बनलेले असते.

ह. उमर (रजि.) यांच्या काळातील एक कथा इतिहासग्रंथांत सांगतात. दुधात पाणी मिसळून विकण्यास त्यांनी मनाई केली होती. रात्री गस्त घालताना त्यांनी एका घरातले बोलणे ऐकले. आई मुलीला पाणी घालायला सांगत होती. येथे उमर कुठे पाहतो आहे, असे तिचे म्हणणे. मुलीने उत्तर दिले, उमर पाहत नसले तरी त्यांचा पालनकर्ता पाहतो. पुढे ती मुलगी ह. उमर (रजि.) यांची सून झाली आणि तिच्या वंशात ह. उमर बिन अब्दुल अजीज जन्मले. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून मुलांना सांगत आलो आहोत, बर्फाच्या दिवसांतही सांगत होतो.

दुसऱ्या दिवसापासून बर्फ कॅनबाहेर गेला. मोठ्या टपात कॅन ठेवायचा, भोवती बर्फ आणि वरून ओले गोणपाट. बर्फ तिप्पट लागू लागला. फेरीला वेळ होऊ नये म्हणून आणखी एक मुलगा ठेवावा लागला. बंधू महिनाभर आमच्याशी नीट बोलले नाहीत आणि त्यांचेही खोटे नव्हते, कारण घरखर्च त्याच पैशांतून चालत होता.

मागच्याचे काय? हक्क माणसांचा असेल तर केवळ तौबा पुरत नाही, ज्याचे त्याला परत द्यावे लागते, असे उलमा सांगतात. रतिबाची वही होती, म्हणून हिशेब करता आला. महिन्याचे बिल देताना आम्ही प्रत्येक घरी कारण सांगितले आणि रक्कम वजा केली. दोन घरांनी रतीब बंद केला. एक गृहस्थ हसून म्हणाले, आम्हाला माहीतच होते, म्हणून आम्ही चहापुरतेच घेत होतो. तीन कुटुंबे घर सोडून गेली होती, पत्ता मिळाला नाही. त्यांची रक्कम त्यांच्या नावे गरिबांना दिली. त्यात आमचे पुण्य काही नाही, पैसे त्यांचेच होते.

आजींच्या घरी सर्वांत शेवटी गेलो. त्यांनी कापलेली रक्कम पाहिली, बिल घडी करून डब्यात ठेवले आणि विचारले, "म्हणजे चाऱ्याचे खरे नव्हते?" आम्ही नाही म्हणालो. "उद्या अर्धा लिटर जास्त घाल," त्या म्हणाल्या, "नातू येणार आहे."