जेल लावून पैसे मिळतात, नीट काढून ग्राहक टिकतो

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जेल पॉलिश काढायचं प्रात्यक्षिक बघितलं. व्हिडिओत हात दिसतात, पण त्यामागचं कारण आणि हिशेब सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. नेल आर्टचा छोटा व्यवसाय सुरू करायचा विचार असेल, किंवा चालू पार्लरमध्ये एक नेल टेबल टाकायचं असेल, तर हे वहीत उतरवून घ्या.

माझं पार्लर मटेरियलचं दुकान आहे. नवीन मुली सामान घ्यायला येतात तेव्हा त्यांची यादी ठरलेली असते: रंग, चमकी, स्टिकर, लॅम्प, ड्रिल मशीन. अ‍ॅसिटोन आणि फॉइल बहुतेक वेळा मीच आठवण केल्यावर घेतात. लावायचं सगळ्यांना शिकायचं असतं, काढायचं कुणाला नाही.

आणि ग्राहक काय म्हणते? "जेल लावल्यापासून माझी नखं कागदासारखी झाली." ती बरोबर बोलते, पण बऱ्याचदा दोष जेलचा नसतो. नख पातळ होतं ते जोरजोरात फाइल मारल्याने, ड्रिल खाली नखाला लागल्याने आणि सुटत आलेलं जेल ओढून सोलल्याने. नख म्हणजे केराटिनचे एकावर एक बसलेले पापुद्रे. जेल सोललं की वरचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघतात. पांढरे चट्टे दिसतात ते तेच.

आता हिशेबाकडे या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवीन नख यायला पाच-सहा महिने लागतात. नखाचा बाहेर दिसणारा भाग मृत असतो, त्यामुळे तो खराब झाला की दुरुस्त होत नाही, फक्त वाढून पुढे जातो. समजा तुमची ग्राहक दर तीन आठवड्यांनी ७०० रुपयांचं रिफिल करते. सहा महिन्यांत आठ फेऱ्या, ५,६०० रुपये. तुम्ही घाईत वीस मिनिटं वाचवायला तिची नखं घासून पातळ केलीत, तर हे उत्पन्न गेलं. ती आलीच तरी पातळ नखावर माल टिकत नाही, आठवड्यात लिफ्टिंग होतं, मग फुकट दुरुस्ती करत बसा. बीबीएला रिपीट कस्टमरवर एक अख्खा धडा होता, पण नेल टेबलवर तो जितका लख्ख कळतो तितका पुस्तकात कळला नाही.

काढायची पद्धत

पहिला प्रश्न: नखावर आहे काय? जेल पॉलिश आणि अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनमध्ये सुटतं. हार्ड जेल सुटत नाही. ते फाइलने कमी करत आणायचं आणि नखावर अगदी पातळ थर शिल्लक ठेवून तो वाढून जाऊ द्यायचा. शेवटचा कण काढायच्या नादातच नख घासलं जातं. दुसऱ्या पार्लरमधून आलेल्या ग्राहकाला विचारा काय लावलंय. तिला माहीत नसेल तर एका बोटावर आधी करून बघा.

सुटणाऱ्या मालासाठी: वरचा चकचकीत टॉप कोट फाइलने हलका मोडा, म्हणजे अ‍ॅसिटोन आत शिरेल. रंगाचा थर अर्धा राहिला की थांबा. नखाच्या कडेच्या कातडीला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. कापूस अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून नखावर ठेवा, फॉइल गुंडाळा. जेल पॉलिशला १० ते १५ मिनिटं द्या, अ‍ॅक्रिलिकला अर्धा तासही लागतो. मग लाकडी काडीने हलकं ढकला. सहज निघालं तर ठीक. अडलं की खरवडायचं नाही, परत गुंडाळून पाच मिनिटं थांबायचं. सगळं कौशल्य या "परत गुंडाळा" मध्ये आहे.

एक सूचना, हसू नका. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं. दुकानात देवापुढे निरांजन, उदबत्ती असते, ती नेल टेबलापासून लांब ठेवा आणि बाटलीचं झाकण लावलेलं असू द्या.

नैसर्गिक नखावर १८० किंवा त्याहून मऊ ग्रिटची फाइल. १०० ग्रिट फक्त मालावर. ड्रिलचं म्हणाल तर, पहिले काही महिने ते नैसर्गिक नखाला लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. क्युटिकलजवळ ड्रिल एकाच जागी टेकलं की लाल, दुखरी आडवी खाच पडते. या धंद्यात तिला रिंग ऑफ फायर म्हणतात. ती खाच नखाबरोबर पुढे सरकत महिनोन्‌महिने दिसत राहते, आणि ग्राहक ती मैत्रिणींना दाखवत राहते.

कधी "नाही" म्हणायचं

नखाखाली किंवा उचललेल्या जेलखाली हिरवट डाग दिसला तर त्यावर नवीन रंग लावून झाकू नका. माल आणि नख यांच्या फटीत ओल अडकली की तिथे सूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात, हा त्याचा डाग असतो. पावसाळ्यात आणि सतत पाण्यात हात असणाऱ्यांना जास्त. माल काढा, नख कोरडं ठेवायला सांगा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. नख खालच्या कातडीपासून सुटलेलं असेल, सूज किंवा पू असेल, नख जाड-पिवळं होऊन भुगा पडत असेल, तरीही हेच. ग्राहकाला मधुमेह असेल तर छोटी जखमही चालणार नाही, म्हणून आधीच विचारून घ्या. आपण डॉक्टर नाही. औषधाचं नाव सुचवू नका.

अ‍ॅलर्जीचा विषय तुमच्या स्वतःसाठीही आहे. जेलमध्ये हेमा, म्हणजे हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट, असू शकतं. न सुकलेलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की खाज, पुरळ सुरू होतं, आणि एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातात भरायच्या मटेरियलचाही त्रास होऊ शकतो. ग्राहक तीन आठवड्यांतून एकदा जेलजवळ येते, तुम्ही रोज. म्हणून जेल कातडीवर सांडू द्यायचं नाही, सांडलं तर लॅम्पआधी पुसायचं, आणि जेल लागलेला हातमोजा लगेच बदलायचा. लॅम्पही जेलच्या कंपनीने सांगितलेला आणि सांगितलेल्या वेळेपुरता वापरा. वरून कडक झालं म्हणजे आतून सुकलं असं होत नाही.

खरेदी करताना लेबल वाचा. युरोपियन युनियनने हेमा असलेला नेल माल फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवला आहे, आणि टीपीओ नावाच्या घटकाला १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. तुमच्या होलसेलवाल्याला विचारा, यात टीपीओ आहे का? अ‍ॅक्रिलिकचं सुटं, लेबल नसलेलं लिक्विड स्वस्त मिळालं तर अजिबात घेऊ नका. त्यात एमएमए असू शकतं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच शुद्ध एमएमएच्या नेल मालावर कारवाई झाली होती. ते इतकं कडक बसतं की अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, आणि बोट कुठे आपटलं तर माल तुटायच्या आधी खालचं नख फाटतं.

"नखांना श्वास घ्यायला सुट्टी हवी का?" हा प्रश्न तुम्हाला रोज येईल. नख श्वास घेत नाही, त्याला पोषण मुळाशी रक्तातून मिळतं. नखं चांगली असतील तर सक्तीची सुट्टी नको. पातळ झाली असतील तर मात्र दोन-तीन महिने बिना मालाचे जाऊ द्या, आणि हे तुम्ही स्वतःहून सांगा. त्या काळात तिला साधं मॅनिक्युअर द्या, फेरी चुकत नाही.

घरी पाठवताना तीन गोष्टी सांगा: रात्री क्युटिकलला बदामाचं किंवा जोजोबा तेल, भांडी घासताना हातमोजे, आणि माल सुटला तर दातांनी न सोलता फोन. तेल लावणं जेल लावायच्या दिवशी टाळायला सांगा, नाहीतर माल पकडत नाही.

राहता राहिला दर. काढण्याची सेवा रेट कार्डवर वेगळी लिहा. समजा २५० रुपये, अपॉइंटमेंट पाऊण तासाची. "रिमूव्हल फ्री" लिहिलंत की तुमचाच हात घाई करतो. नवीन सेट लगेच करणाऱ्या ग्राहकाला १०० रुपये कमी करा हवं तर, पण वेळ कमी करू नका. दुसरीकडचा माल काढायचा असेल तर दर थोडा जास्त ठेवा, कारण नखाखाली काय निघेल ते सांगता येत नाही. काम सुरू करण्याआधी नखांचा फोटो तिच्यासमोर काढा आणि तिच्या कार्डला तारखेसह जोडा.