काठी उंच, होडी उथळ

दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी माझी होडी उलटली, तेव्हा पुतण्या सोबत होता. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होतं आणि मागून येणाऱ्या मच्छीमारांनी आम्हाला वर ओढलं, म्हणून हे लिहू शकतो आहे. वारा दोषी नव्हता. दुपारी तीनचा खारा वारा कोकणात रोजचाच. दोष मी निवडलेल्या काठीचा, शिडाचा आणि फळीच्या जागेचा होता.

होडी चौदा फुटी, सपाट तळाची, मरीन प्लायवूडची. सपाट तळ मी हौसेनं निवडला. ओहोटीला चिखलात सरळ बसते, किनाऱ्यावर ओढता येते, पाय ठेवला तर हलत नाही. हे सगळं खरं आहे. पण सपाट तळाची होडी सुरुवातीला जेवढी घट्ट वाटते, तेवढीच एका मर्यादेनंतर अचानक सोडून देते. गोल तळाची आधीपासून डुलते, म्हणून आपण सावध राहतो.

या होडीवर मी शर्यतीच्या होडीची जुनी काठी आणि शीड चढवलं. काठी वीस फुटी, ॲल्युमिनियमची. शीड शंभर चौरस फूट, उंच त्रिकोणी. असं शीड वाऱ्याच्या अंगावर छान चढतं आणि मला तेच हवं होतं. खाडीकाठच्या म्हाताऱ्या सुतारानं काठीकडे बघून एवढंच विचारलं, "भाऊ, उलांडी लावणार ना?" मी नाही म्हणालो. उलांडीनं एका बाजूला ओढ बसते, वळताना अडचण होते, हे मला दिसत होतं. पण बाजूला दूरवर धरलेलं ते लाकूड शिडाचा भार पेलतं आणि ते काढल्यावर तो भार दुसऱ्या कशानं तरी पेलावा लागतो, हा हिशेब मी केलाच नाही.

एक हिशेब तर कागदावर पाच मिनिटांत झाला असता. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, इतके नॉट. माझी लांबी तेरा फूट, म्हणजे पाच नॉटही नाहीत. हलकी होडी पाण्यावर चढून याच्या पुढे पळते. माझी चढणारी नव्हती. मंद वाऱ्यात मोठं शीड उपयोगी पडलं, हे मान्य. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि पाच नॉटनंतरचा सगळा जोर होडी आडवी करण्यातच जातो.

सर्वात घातक चूक मात्र फळीची. पोटातून पाण्यात उतरणाऱ्या सेंटरबोर्डची पेटी पायात येते म्हणून मी ती मागे सरकवली. त्यामुळे शिडाचा मध्य पाण्यातल्या बाजूच्या मध्याच्या तीन फूट पुढे गेला. थोडा पुढे असतोच, लांबीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इथे तो लांबीच्या जवळपास पाव हिश्श्याइतका पुढे गेला. अशा होडीचं सुकाणू सोडलं, की ती वाऱ्याकडे तोंड करून थांबत नाही, वाऱ्यापासून पाठ फिरवून पळू लागते. त्या दिवशी ओहोटी वाऱ्याच्या विरुद्ध होती, लाटा उभ्या झाल्या होत्या. झोत आला, मी दांडा दाबला, होडी उलट दिशेनं वळली. शिडाची दोरी मी खाचेत अडकवून ठेवली होती. "काका, दोरी!" एवढं ऐकू आलं. पोकळ काठीत पाणी शिरलं आणि होडी पूर्ण पालथी झाली.

वेगवान होडीच शेवटपर्यंत पोचते असं नाही. १९६८-६९च्या एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहेली' मुंबईत बांधलेली, सागवानी, बत्तीस फुटी, तळाला लांब कणा असलेली जड आणि संथ बोट. तिच्याहून वेगवान असलेली एक तीन धडांची बोट शेवटच्या टप्प्यात फुटून बुडाली. म्हणून जडच बांधा असं मी म्हणत नाही; सुहेली दाभोळच्या चिखलात आणून उपयोग नाही. तुमचं पाणी कोणतं आणि सोबत कोण बसणार, ते आधी ठरवा. शीड त्यानंतर.

मी पेटी उखडून दीड फूट पुढे घेतली. तळ कापावा लागला, दोन महिने गेले. काठी आता तेरा फुटी, शीड पंचाहत्तर चौरस फुटी चौकोनी. वाऱ्याच्या अंगावर ते पूर्वीइतकं चढत नाही; घरी परतताना एक-दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतात आणि ते मला खटकतं. पण त्याला आखडायच्या दोन ओळी आहेत, त्या पुतण्या बसल्या जागेवरून बांधतो. दोरी हातातच असते. काठीत फोम भरला आहे, पुढे-मागे हवाबंद कप्पे आहेत.

बांधण्याआधी पाण्याखालच्या भागाचा आकार पुठ्ठ्यात कापून सुईवर तोलून बघा, मध्य कळेल. आणि बांधून झाल्यावर, वारा पडलेल्या सकाळी, छातीभर पाण्यात होडी मुद्दाम उलटवा, सरळ करा, पाणी उपसा, घड्याळ लावून. पहिल्या खेपेला आम्हाला दोन बालद्यांनी अकरा मिनिटं लागली.